दोन बोटांची ढील

जुना एअर फिल्टर ताईने डब्यातून ओढून काढला आणि अंगणातल्या फरशीवर आपटला, तेव्हा इतकी धूळ उडाली की पायरीवर बसलेल्या आईला सटासट तीन शिंका आल्या.

"असलं फुफ्फुस घेऊन ही गाडी चढ चढणार होती होय?" धाकटा म्हणाला. "मी पण नसतो चढलो."

"तू तसाही चढत नाहीस. दोन जिने चढलास की दाराला धरून उभा राहतोस," ताई म्हणाली. "प्लगचा पाना दे."

धाकट्याने पान्याऐवजी मोबाइल पुढे केला. गेले आठ दिवस त्याने जुन्या गाडीच्या इंजिनात जीव कसा आणावा यावरचे मिळतील तेवढे व्हिडिओ पाहिले होते आणि त्यातून एक यादी बनवली होती. नवा एअर फिल्टर, नवे स्पार्क प्लग, थ्रॉटलची सफाई, टायरमध्ये नीट हवा, टपावरचा लोखंडी कॅरियर काढून वजन कमी. घरात त्याला पंडित म्हणायचे ते काही उगाच नाही. सगळं त्याला ठाऊक असायचं, फक्त हाताने एक खिळा सरळ ठोकता यायचा नाही. हात ताईचे होते. पंधरा वर्षं ती शिलाई मशिनं दुरुस्त करत होती. इंजिन तिच्या लेखी एक मोठं, घाणेरडं शिलाई मशीनच होतं.

येत्या रविवारी आई धाकट्याकडे राहायला जायची होती, डोंगरापलीकडच्या शहरात. सामान ट्रकने जाणार होतं. पण आईने एकच धोशा लावला होता, की मी जाईन ती ह्यांच्याच गाडीतून. ती गाडी म्हणजे एकवीस वर्षांची आठ आसनी व्हॅन. तिच्यातून बाबांनी हयातभर शाळेतल्या मुलांची ने-आण केली. सपाट रस्त्यावर ती गुमान चालायची. चढ आला की मात्र मागचे सायकलवाले पुढे जायचे.

"कितीला पडेल हिला माणसात आणायला?" असं आईने विचारलं नव्हतं. तिने विचारलं होतं, "घरीच उघडाल ना? तुम्हीच?" आणि सकाळपासून ती पायरीवरून हलली नव्हती. एवढा कसला तिला इंजिनाचा पुळका, असं ताईला दोनदा वाटून गेलं. पण प्लग जाम झाले होते आणि तिचं लक्ष तिकडे लागलं.

गाडीच्या मागच्या बाजूला स्टुलावर चढून दादा कॅरियरचे बोल्ट काढत होता. वहिनी खाली उभी राहून ते वाटीत गोळा करत होती. दादा बसवर ड्रायव्हर होता. सुटीच्या दिवशी आला होता, पण गाडीत बसला नव्हता, नुसता बाहेरून हात लावत होता. ताई पुढे, दादा मागे, मध्ये अख्खी गाडी. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

"पंडित, दादाला सांग, कॅरियर निघाला की टायरमधली हवा बघ म्हणावं."

"दादा, ताई म्हणते—"

"ऐकलं मी. तिला सांग, मागच्या उजव्या टायरची ट्यूब गळतेय. बदलावी लागेल."

"ताई, दादा म्हणतो—"

"माझे कान शाबूत आहेत."

"मग एकमेकांशी बोला की! मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?"

वहिनीने वाटी खळकन हलवली, तेवढंच.

ताईने प्लग काढले. चारही काजळीने माखलेले. नव्या प्लगांच्या टोकांमधली फट पातळ पत्तीने मोजून तिने ते एकेक करून बसवले, आधी हाताने, मग पान्याने. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलवरची जाड नळी सोडवली. आतली गोल पितळी झडप डांबरासारख्या थराने काळी पडली होती. स्प्रे मारून, जुन्या टूथब्रशने घासून तिने ती आरशासारखी केली. मनातून तिला बरं वाटत होतं. घाण निघाली की मशीन बोलायला लागतं, हा तिचा अनुभव होता.

"आता शेवटचं," धाकटा मोबाइलवर वाचत म्हणाला. "इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने झडप पूर्ण उघडते का ते पाहायचं. बरेच जण हे पाहतच नाहीत, असं लिहिलंय."

"बस मग. दाब."

धाकटा ड्रायव्हरच्या जागी बसला. ताईने नळीच्या तोंडातून आत पाहिलं. झडप हलली. जेमतेम अर्धी वळली आणि थांबली.

"पूर्ण दाब."

"दाबलंय."

"अरे, अर्धीच उघडतेय. दाब ना!"

"तळाला टेकलंय, ताई. आणखी कुठे दाबू?"

मागे काहीतरी पडलं. वहिनीच्या हातातली वाटी. बोल्ट फरशीवर घरंगळत चारी दिशांना गेले आणि कुणीही ते उचलायला वाकलं नाही.

कारण 'तळाला टेकलंय' हे दोन शब्द या घरात सगळ्यांना पाठ होते.

चार वर्षांपूर्वी, भर दुपारी, बाबांच्या छातीत कळ आली. गाडी दादाने चालवली. शेजारी आई. मागच्या सीटवर ताई, बाबांचं डोकं मांडीवर घेऊन. लाकडाच्या वखारीपर्यंत रस्ता सपाट होता. तिथून पुढे हॉस्पिटलपर्यंत चढ. त्या चढावर गाडी रडतखडत, मुंगीच्या पावलांनी गेली. ताई मागून ओरडत होती, "दाब ना! दादा, दाब!" आणि दादा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "तळाला टेकलंय. तळाला टेकलंय गं." हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी मान हलवली. त्यानंतर काही मिनिटांतच, कॉरिडॉरमध्ये, लोकांसमोर, ताई दादाला म्हणाली होती, "तू घाबरलास. तुझा पाय थरथरत होता, मी पाहिलं. तू दाबलंच नाहीस."

दादाने तेव्हाही काही उत्तर दिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

आता ताई इंजिनापासून बाजूला झाली. "उतर," ती धाकट्याला म्हणाली आणि स्वतः जाऊन बसली. पायाने पेडल दाबलं. पहिला अर्धा दाब पोकळ. काहीच लागत नव्हतं. मग हलकासा ताण, आणि लगेच खाली पत्रा. हा पोकळ दाब सगळ्यांच्या सवयीचा होता. "गाडी आधी विचार करते, मग निघते," असं बाबा हसून सांगायचे. म्हातारी झाली, एवढाच सगळ्यांचा समज.

ती पुन्हा इंजिनापाशी आली. पेडलपासून झडपेपर्यंत येणारी केबल तिने दोन बोटांत धरली आणि ओढून पाहिली. धाग्याचा ताण बोटांना कळण्यातच तिचा जन्म गेला होता. बॉबिनचा दोरा केसभर सैल असला तरी तिला डोळे मिटून कळायचं. ही केबल केसभर सैल नव्हती. चांगली दोन बोटं ढील होती तिच्यात. केबलचा ताण कमीजास्त करायचा जो नट असतो, तो पार मागच्या टोकाला नेऊन दुसऱ्या नटाने घट्ट आवळलेला होता. म्हणजे पाय कितीही दाबला तरी निम्मा जोर नुसती ढील ओढण्यात जायचा.

हे झिजून झालेलं नव्हतं. हे कुणीतरी केलं होतं.

तिने फडक्याने नट पुसला. काळ्या तेलाखालून डाळिंबी रंग वर आला. नट फिरू नये म्हणून मेकॅनिक रंगाचा ठिपका देतात, तसा. पण हा रंग गॅरेजमधला नव्हता. ताईने तो ओळखला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी गॅदरिंगसाठी आणलेलं नेलपॉलिश. दोनदा लावलं आणि बाटली गायब झाली. त्यावरून तिने धाकट्याला बदडलं होतं. ती बाटली आईच्या कपाटात सापडली होती, अर्धी वाळलेली.

तिने मान वर केली. आई पायरीवरून उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्यावर आश्चर्य नव्हतं. अंगणात आश्चर्य न वाटलेलं असं ते एकच माणूस होतं.

"आई," ताई म्हणाली. "हे काय आहे?"

"मला वाटलंच होतं, तू शोधशील," आई म्हणाली. "म्हणून तर म्हटलं, घरीच उघडा. तोंडाने सांगायचं धैर्य होईना."

दादा स्टुलावरून उतरला. हातात पाना तसाच. "काय शोधलंय?"

चार वर्षांत पहिल्यांदा ताईने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "केबल सैल करून ठेवलीय, दादा. मुद्दाम. त्या दिवशी तू... पेडल खरंच तळाला होतं. गाडीच अर्धी होती."

दादाने वाकून पाहिलं. सोळा वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला ते समजायला एक क्षणही लागला नसेल. पण तो सरळच होईना.

"तू बावीसचा होतास," आई सांगू लागली. ती त्याच्याशी बोलत होती, पण नजर फरशीवर. "नुकतं लायसन्स मिळालेलं. मित्रांशी पैज लावून गाडी उतारावरून सोडलीस आणि नाल्यात घातलीस. आठवतं? तुझे बाबा किल्ली काढून घेणार होते. मी म्हटलं, पोराचं मन मोडू नका, मी बघते. गॅरेजमधल्या उस्तादाला विचारलं, गाडी पळणारच नाही असं काही करता येतं का? त्याने दोन मिनिटांत हे केलं. वर म्हणाला, नटावर खूण करायला काहीतरी द्या. घरात जे होतं ते दिलं."

"बाबांना माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"आठ दिवसांनी सांगितलं. ते हसले. म्हणाले, राहू दे, माझ्या गाडीत पोरं असतात, हळू चाललेली बरी. मग राहिलंच. पंधरा वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही."

"आणि त्या दिवशी?" हा दादा. हळू आवाजात.

आईने कठड्याला धरलं.

"त्या दिवशी तू पहिल्यांदा 'तळाला टेकलंय' म्हणालास ना, तेव्हाच मला लख्ख आठवलं. तुझ्या शेजारीच बसले होते मी. अंगावर वीज पडावी तसं झालं. पण तेव्हा सांगून काय उपयोग होता? आणि नंतर... नंतर सांगायचं म्हणजे, मीच ह्यांना मारलं, असं सांगायचं. मला नाही जमलं रे."

मग वहिनी बोलली. घरात आल्यापासून जिने सासूपुढे कधी आवाज चढवला नव्हता, ती.

"तुम्हाला नाही जमलं. आणि ह्यांना जमलं, नाही का? चार वर्षं हा माणूस घरची गाडी चालवत नाही. पोरीला ताप आला तर रिक्षा बोलावतो. झोपेत पाय आपटतो, आई, पलंगाच्या पट्टीवर, पेडल दाबल्यासारखा! तुम्ही आमच्याकडे महिना महिना राहून गेलात. बाजूच्या खोलीत तुम्हाला तो आवाज ऐकू आला नाही?"

"आला," आई म्हणाली.

"आला! आणि तुम्ही गप्प बसलात! सख्खी बहीण भावाचं तोंड बघत नाही, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये बसून चहा पिता!"

"वहिनी बरोबर बोलतेय," ताईच्या तोंडून निघालं. डोक्यात नुसता घणघणाट चालला होता. "तू मला एकदा सांगितलं असतंस, आई. एकदा. मी ह्याला काय काय बोलले! लोकांदेखत बोलले!"

"पुरे," दादा म्हणाला.

"पुरे काय? तुझ्यासाठीच—"

"पुरे म्हटलं ना!" त्याने पाना इंजिनाच्या कडेवर ठेवला. खणकन आवाज झाला. "ढिलीने काही झालेलं नाही. बाबा चढावर गेलेच नाहीत. चढ लागायच्या आधीच गेले होते."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं, सही करायला. ते म्हणाले, इथे आणायच्या निदान पाव तास आधी गेलेत. चढाला आपल्याला मिनिटं लागली बारा. म्हणजे वखारीच्या अलीकडेच. गाडी विमानासारखी उडाली असती तरी काही फरक पडला नसता."

"तू मला नाही सांगितलंस," वहिनी म्हणाली. मघाच्या रागापेक्षा हा आवाज वेगळा होता. पार खचलेला. "मलाही नाही?"

"मला तरी सांगायचंस, अरे!" आई मटकन पायरीवर बसली. "चार वर्षं मी रोज त्यांना मारतेय!"

"मला कुठे माहीत होतं तुझ्या पोटात काय आहे?" दादा म्हणाला. "तू सांगितलंस?"

ताई मात्र हे काही ऐकत नव्हती. ती मनाने वखारीपाशी पोचली होती. रस्त्याकडेला रचलेले ओंडके, ताज्या कापलेल्या लाकडाचा वास खिडकीतून आत आलेला. बाबांनी तिचं बोट मुठीत धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. आणि तिथेच, त्या वासात, मूठ सुटली होती. तिने सुटलेला हात उचलून पुन्हा आपल्या बोटाभोवती वळवला होता, बोटं एकेक करून मिटली होती आणि म्हणाली होती, "झोपलात का बाबा? झोपू नका, आलंच आता." मग दादावर ओरडायला सुरुवात केली होती.

आधी नाही. मूठ सुटल्यावर.

तिला माहीत होतं. तिच्या हाताला माहीत होतं. ती गाडीला टेकली.

"मला का नाही सांगितलंस, दादा?"

दादाने खिशातून रुमाल काढून हात पुसले. एकेक बोट.

"काय सांगू? की वखारीपासून वरपर्यंत तू मेलेल्या माणसाशी बोलत होतीस? 'आलंच हं बाबा, आलंच हं,' असं चाललं होतं तुझं. ते मी आरशात बघत होतो. तुला कुणावर तरी चिडायचं होतं. मी जवळ होतो."

ताईने तोंडावर हात धरला. हाताला काजळी होती, ती गालभर पसरली. दादा दोन पावलं पुढे आला, मग घुटमळला. चार वर्षांचा सराव असा एका सकाळी मोडत नाही. शेवटी त्याने रुमाल पुढे केला. मघाशी हात पुसलेला, तेलकट. तिने तो घेतला आणि त्यानेच तोंड पुसलं, त्यामुळे आणखीच काळी झाली.

"माकडीण दिसतेस," तो म्हणाला.

"तू... तू इतका मूर्ख कसा रे?" ती म्हणाली आणि तिने त्याच्या दंडावर बुक्की मारली. मग दुसरी. तिसऱ्या बुक्कीला तिने तिथेच कपाळ टेकलं.

पण सगळं काही जुळून आलं, असं झालं नाही. वहिनीने पदर खोचला, पर्स उचलली आणि फाटकाकडे निघाली. दादाने हाक मारली तेव्हा ती वळून म्हणाली, "मला चालू द्या थोडं. तुम्ही सगळी एकमेकांना जपत बसता, आणि घरात झोपेत आपटणारा पाय धरून मी बसते. माझा राग इतक्यात नाही जायचा. आईंवरचा नाही, तुमच्यावरचाही नाही." दादा तिच्यामागे गेला. रस्त्यावर ती पुढे, तो चार पावलं मागे, असे ते दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत ताईला दिसत होते.

धाकटा फरशीवरचे बोल्ट गोळा करत बसला होता. इतका वेळ त्याला एकही विनोद सुचला नव्हता. डोळे मात्र लाल झाले होते. "ताई," तो चाचरत म्हणाला, "हा नट... आवळायचा ना?"

"तू आवळ. मी सांगते कसा."

त्याने नेलपॉलिशचा थर खरवडला आणि दोन पाने लावून नट पुढे घेतला. तिसऱ्या खेपेला केबल सतारीच्या तारेसारखी ताठ झाली, तेव्हा ताई म्हणाली, "इतकी नको, जरा मागे," आणि त्याने नट जरा मागे घेतला. मग पेडल दाबून पाहिलं. झडप सताड उघडली. गाडी सुरू करून त्याने पाय दिला मात्र, इंजिन असं काही गरजलं की समोरच्या घराच्या खिडकीत दोन डोकी आली. त्याने घाबरून चावीच काढली.

ताई हात धुऊन आत गेली. आई पायरीवर नव्हती. ती स्वयंपाकघरात बसली होती, बांधलेल्या आणि न बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये. हात मांडीवर उताणे टाकलेले. ताई दारात आलेली तिला कळली, पण तिने मान वर केली नाही.

"बोलणार नाहीस ना आता माझ्याशी?" आई म्हणाली. "नको बोलूस. माझं त्यावर काही म्हणणं नाही."

ताई उंबऱ्यात उभी राहिली. न बोलणं तिला येत होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती. निरोप तिसऱ्याच्या तोंडून कसे धाडायचे, ताट वाढताना नजर कुठे ठेवायची, सणासुदीला एकाच खोलीत पाठ फिरवून कसं बसायचं, सगळं हातच्या कामासारखं बसलं होतं. उद्यापासून दादाच्या जागी आईला ठेवलं की झालं. काहीच नवीन शिकावं लागणार नव्हतं. आणि या खेपेला कारण तर शंभर नंबरी होतं.

तिने राग शोधून पाहिला. होता. चांगला घट्ट होता, आणि बराच काळ राहील असं दिसत होतं.

ती आत आली. एक रिकामं खोकं पायाने ओढून आईसमोर घेतलं, खाली बसली आणि फळीवरचे डबे हातात घेऊ लागली.

"ह्यातले कुठले न्यायचेत?" तिने विचारलं. "सांग. नुसती बसू नकोस, बोल."